ठासणीच्या बंदुकीवरची फुलं अन् तोफेच्या जबड्यातला हत्ती : ही नक्षी नेमकी कुणासाठी?

पूर्णाकाठ (परभणी)

राम राम मंडळी.

जिंतूर तालुक्यात माझ्या मामेसासऱ्यांची गढी आहे. गढी म्हणजे आता ढासळलेले बुरूज, एक दिंडी दरवाजा अन् आत पत्र्याची घरं. देवघराशेजारच्या कोनाड्यात एक जामगीची, म्हणजे पेटत्या वातीनं बार उडवायची बंदूक आहे. खंडेनवमीला ती बाहेर निघते, हळद-कुंकू, झेंडूचा हार होतो, अन् परत वर्षभर कोनाड्यात. यंदा उन्हाळ्यात गेलतो तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच निवांत हातात घेऊ दिली.

दस्ता (नळीखालचं लाकूड) सरळ अन् सडपातळ आहे, हल्लीच्या बंदुकीसारखा खांद्याला टेकायला रुंद होत नाही. नळी चांगली छातीला लागेल इतकी लांब, अन् ती दस्त्याला कातडी वाद्यांनी बांधलेली. मागच्या टोकाला, जिथं रंजक (बार पेटवायची बारीक दारू) ठेवायची वाटी असते, तिथं सोन्याच्या तारेत फुलझाडांचा ताटवा काढलेला. दुसऱ्या टोकाला नळीचं तोंड मकरासारखं, म्हणजे देवळातल्या त्या सोंडेच्या मगरीसारखं घडवलेलं. डोळे, दात, वळलेली सोंड, सगळं. मधली नळी कोरी.

घरी आल्यावर डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. मागची फुलं कुणाला दिसणार? नेम धरणाऱ्याला. त्याचा डोळा तिथून वीतभर अंतरावर असतो. मकराचं तोंड मात्र त्याला दिसत नाही, ते समोरच्याला दिसतं. म्हणजे धन्याला बाग अन् शत्रूला जबडा, अशी वाटणी करूनच कारागिरानं काम केलं असेल का?

हा हिशेब घेऊन तोफांकडं बघायला गेलो तर देवगिरीवर गोंधळलो. चिनी महालाजवळच्या बुरुजावरची मेंढा तोफ आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत बघितलेली आहे. तिच्यावर औरंगजेबाचं नाव आहे अन् तोफेचं फारसी नाव आहे किल्ला शिकन, किल्ला फोडणारी. पण मेंढ्याचं मुंडकं आहे मागच्या टोकाला! टक्कर द्यायची तर मेंढा पुढं पाहिजे होता. मागं शिंगं कुणाला दाखवायची, गोलंदाजाला?

तर धागा यासाठी. जुन्या बंदुका-तोफांवरची नक्षी, प्राणी, अक्षरं ही कुणी बघावीत म्हणून असायची? आपल्या मराठवाड्यातलं कुणी काही बघितलेलं असेल तर जरूर लिहा. मी शाळेत गणित शिकवतो, इतिहासातला जाणकार नाही, त्यामुळं हातचं राखून बोलू नका.


भुईनळा

भारी विषय. वाचनखूण साठवली. फोटो?


पूर्णाकाठ

फोटो नाही टाकणार दादा. मामेसासऱ्यांनी आधीच बजावलंय, "गावाला कळलं की चोराला कळलं." वर्णनावर भागवा.


सीनेचा_वारा (परंडा)

सर, आमच्या परंड्याचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुढं जाऊच शकत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

विजापूरला जी मुलुखमैदान तोफ म्हणून लोक बघायला जातात, ती मुळात विजापूरची नाहीच. १५४९ साली अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहासाठी ती ओतली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्की मुलखाकडून आलेला उस्ताद. पुढं ती आमच्या परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाहीचा मुरार जगदेव ती इथून विजापूरला घेऊन गेला. लांबी साडेचार मीटरच्या आसपास, तोंडाचा व्यास सत्तर सेंटिमीटर, वजन ५५ टन सांगतात. आत माणूस बसू शकतो, अन् बसून फोटो काढणारेही आहेत.

आता नक्षी. तोफेचं तोंड म्हणजे आ वासलेला सिंह. अन् त्या सिंहाच्या सुळ्यांमध्ये हत्ती चिरडला जातोय. तोफ जरा लांबून बघितली तर फक्त सिंह दिसतो. हत्ती बघायला जवळ जावं लागतं.

इथंच मला तुमचा हिशेब पटत नाही. शत्रू कोसभर लांब असतो, त्याला सुळ्यातला हत्ती काय दिसणार? त्याला दिसणार धूर. मग हत्ती कुणासाठी केला? मी म्हणतो वाटेवरच्या लोकांसाठी. अहमदनगर ते परंडा, परंडा ते विजापूर, मधी भीमा. शेकडो बैल अन् हत्ती लावून ओढली असं सांगतात. आकडा सोडून द्या, पण पंचावन्न टनाची वस्तू रोज किती सरकत असेल? गावोगावी मुक्काम पडला असणार. शिवारातली माणसं, पोरं-सोरं, पाटील-कुलकर्णी सगळे येऊन बघून गेले असणार. खरी बघणारी मंडळी ही. सरकार बदललं की नाही, हे त्यांना त्या जबड्यावरून कळत होतं.


बालाघाटी

वरच्या प्रतिसादाला +१. आणि तोफेवर कोरलेल्या लेखांचंही लिहा की भाऊ. ती तर खरी गंमत.


सीनेचा_वारा (परंडा)

हो, ते राहिलं. तोफेवर बुऱ्हाण निजामशहाचा लेख आहे, त्यात तो स्वतःला पैगंबराच्या घराण्याचा सेवक म्हणवतो. साल हिजरी ९५६. बुऱ्हाण शिया झालेला होता, त्यामुळं हे शब्द साधे नाहीत, ती जाहीर भूमिका आहे. नंतर १६८६ मध्ये औरंगजेबानं विजापूर जिंकलं, तेव्हा त्यानंही आपला लेख त्याच तोफेवर कोरून घेतला, की आलमगीर गाझीनं विजापूर घेतलं अन् मुलुखमैदान ताब्यात आणली. निजामशहाचा लेख मात्र त्यानं खरवडला नाही. दोन्ही आजही वाचता येतात.

खरवडायचं कशाला? आधीच्या मालकाचं नाव राहिलं तरच जिंकल्याची किंमत. कोरी तोफ जिंकण्यात काय मोठेपणा.

(अवांतर : इंग्रजांच्या काळात, १८५४ मध्ये, हीच तोफ मोडीत दीडशे रुपयांना लिलावात गेली होती. नंतर तो लिलाव रद्द झाला. नाहीतर आज तिची घंटा नाहीतर घंगाळी झाली असती.)


गंजगोलाई_गप्पा (लातूर)

त्या काळचे दीडशे रुपये म्हणजे पण... ५५ टन काशाला?? कुणाचं तरी कमिशन होतं त्यात, लिहून घ्या.


भुईनळा

हत्तीचं बिचाऱ्याचं काय चुकलं होतं?


सायली_चित्रशाळा (लातूर)

भुईनळा, विनोदात विचारलंत, पण प्रश्न बरोबर आहे. हत्तीच का?

दख्खनच्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो, तो आठवा. सिंहासारखा प्राणी, पंजांखाली हत्ती, कधी शेपटीत हत्ती, कधी तोंडात हत्ती. हत्ती अगदी मांजराच्या पिल्लाएवढे. मुलुखमैदानाचा सिंह त्याच कुळातला आहे. दगडावरचं चित्र काशात उतरलं, एवढंच. शिल्पात हत्ती म्हणजे दुसरा राजा, दुसरी गजसेना असं मानायची पद्धत आहे. पण तोफेवर मला त्याला आणखी एक धार दिसते. सोळाव्या शतकापर्यंत रणांगणावर सगळ्यात मोठी वस्तू हत्ती होता. तोफ आली अन् हत्तीचा धाक संपत चालला. ज्यानं हत्तीला संपवलं त्याच्याच तोंडात हत्ती. ओतणारा उस्ताद रूमी होता, पण हे चित्र तुर्कस्तानातून आलेलं वाटत नाही, ते इथल्या मातीतलं आहे. अर्थात हे माझं बघणं, पुरावा मागू नका.

आता पूर्णाकाठ सरांच्या बंदुकीवरचा मकर. मकर आपल्याकडं देवळात कुठं असतो? गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं त्या पन्हाळीच्या तोंडाशी. तोरणाच्या दोन्ही टोकांना. म्हणजे जिथून काहीतरी बाहेर ओतलं जातं किंवा उगवतं, तिथं मकराचं तोंड, ही कारागिरांच्या हातात मुरलेली सवय. बंदुकीची नळी त्याला पन्हाळीसारखीच वाटली असणार. घाबरवणं हा हेतू नंतरचा. नळदुर्गच्या मगर तोफेकडंही मी याच नजरेनं बघते. खाली बोरी नदी, वर मगर.

फुलांबद्दल. तुम्ही "ताटवा" लिहिलंत. प्रत्येक रोप सुटं आहे का? मुळाशी जमिनीची छोटी रेघ, मधून दांडा, दोन्हीकडं पानं, वर एक मोठं फूल? असेल तर ती मुघल धाटणी. जहांगीर १६२० मध्ये काश्मीरला गेला होता, त्याच्या चित्रकारानं, उस्ताद मन्सूरनं, तिथली फुलं काढली. त्यानंतर खसखशीचं, लिलीचं, असं एकेकटं रोप सगळीकडं यायला लागलं. संगमरवरात, गालिच्यात, कट्यारीच्या मुठीवर, बंदुकीवर. लांब कशाला, संभाजीनगरला बीबी का मकबऱ्याच्या दरवाजावर जो पितळी पत्रा आहे, त्यावरची फुलझाडं नीट बघून या. मग बंदूक परत बघा. तोच बाग.

कबरीच्या दरवाजावर जन्नतची बाग समजते. हत्याराच्या कानाशी, म्हणजे बत्ती लागते त्या भोकाशीही तीच बाग असावी, हे मला दरवेळी चमकवतं.


पूर्णाकाठ

सायलीताई, हो. रोपं सुटी आहेत. खाली रेघही आहे! मी ती नुसती चौकट समजत होतो.


जामगी_तोडा (छ. संभाजीनगर)

धागा आजच बघितला. थोडं कारागिरीबद्दल लिहितो, कारण अर्थाची चर्चा हातातल्या वस्तूला सोडून फार लांब चालली आहे असं वाटतंय.

सोन्याचं जे काम तुम्ही म्हणताय ती कोफ्तगिरी. पोलादाच्या पृष्ठभागावर आधी धारदार छिन्नीनं अगदी जवळजवळ आडव्या-तिडव्या रेघा मारतात. पृष्ठभाग किसणीसारखा खरखरीत होतो. मग सोन्याची किंवा चांदीची बारीक तार नक्षीप्रमाणं वळवत हलक्या हातोडीनं बसवत जायचं. त्या रेघांचे दाते तारेला धरून ठेवतात. ना डाग, ना वितळवणं. शेवटी अकीकाच्या घोटणीनं घोटलं की तार सपाट होऊन एकजीव दिसते. याहून दणकट काम म्हणजे तहनिशान. त्यात खोल खाच खणून जाड तार ठोकतात. त्याला सोनं जास्त लागतं, वेळ जास्त लागतो, म्हणून ते कमी दिसतं.

यातून ओळखायची एक सोपी खूण निघते. जिथं सोनं झिजलंय तिथं भिंगातून बघा. खाली बारीक जाळी दिसली तर काम खरं. जाळी नाही, गुळगुळीत लोखंड किंवा पिवळं पितळ दिसलं, तर तो मुलामा किंवा रंग. बाजारात "नवाबी बंदूक" म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वस्तू या परीक्षेत नापास होतात. मुद्दाम आम्लात बुडवून गंजवतात, दस्त्यावर पितळी फुल्या ठोकतात, वर उर्दूत काहीतरी अर्थहीन कोरतात. पर्यटकांना कळत नाही. कळणाऱ्यांनाही कधीकधी कळत नाही.

आता नळी. ही गोष्ट लोक विसरतात की कोरी नळीही कोरी नसते. आईन-इ-अकबरीत नळी करायची पद्धत दिलेली आहे. लोखंडाचा पत्रा नुसता वळवून कडा जोडल्या तर नळी फुटायची. म्हणून पत्रा कागदासारखा तिरका गुंडाळत, प्रत्येक वळसा भट्टीत तापवत ठोकायचा. लोखंड अन् पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून केलेल्या नळ्यांवर तर लाटांसारखे पट्टे उठतात. त्याला जौहर म्हणतात. अशी नळी असेल तर तिच्यावर सोनं चढवणं म्हणजे चित्रावर चित्र काढणं. जाणता मालक ती तशीच ठेवायचा. तुमची मधली नळी "कोरी" आहे म्हणालात, ती एकदा तिरप्या उन्हात धरून बघा.

पोलाद कुठलं, हाही आपल्या जवळचाच विषय. निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम, नांदेडची हद्द ओलांडली की फार लांब नाही. तिथलं मुशीतलं पोलाद घ्यायला इराणचे व्यापारी यायचे. ज्याला जग दमास्कसचं पोलाद म्हणतं, त्याचा कच्चा माल आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून जायचा.

जाता जाता, मेंढा तोफ पंचधातूची असं सगळीकडं लिहितात. आपल्याकडं पिवळसर दिसणारी कुठलीही ओतीव तोफ पंचधातूचीच असते. तोफेचं ओतीव काम हे काशाचं, म्हणजे तांबं अन् कथील. पाच धातू मोजून घातले होते असं मानायचं काही कारण नाही. दुसरा प्रकार बांगडी तोफांचा. लोखंडी पट्ट्या उभ्या लावून त्यावर तापवलेली कडी चढवायची, गार झाली की कडी आवळते. ओतीव तोफेवर साच्यातच सिंह, मेंढा, अक्षरं घेता येतात, मेणात कोरलं की झालं. बांगडीच्या तोफेवर ते जमत नाही. त्यामुळं प्राण्यांची तोंडं कुठल्या तोफेला आहेत, याचं निम्मं उत्तर अर्थात नसून भट्टीत आहे.


रोखठोक_नांदेडकर

सगळं वाचलं. छान लिहिता राव सगळे. पण एक विचारू का? या सोनेरी बंदुकांनी लढाई कोणती जिंकली?

३ फेब्रुवारी १७६०, उदगीर. आपल्याच लातूर जिल्ह्यात. सदाशिवरावभाऊंनी निजामाला गुडघ्यावर आणलं, दौलताबादचा किल्लासुद्धा तहात पदरात पाडून घेतला. त्यात मोठा वाटा कुणाचा? इब्राहिमखान गारद्याचा, त्याच्या कवायती पलटणींचा अन् तोफखान्याचा. गारद्यांच्या हातात काय, चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं सुटणाऱ्या साध्या बंदुका. एकीवर फूल नाही. सगळ्या एकसारख्या, सगळ्या एका हुकुमानं सुटणाऱ्या. दर्शनी बंदुका सरदारांच्या हातात, अन् सरदार हत्तीवर.

म्हणून म्हणतो, "नक्षी कुणासाठी" याचं उत्तर सोपं आहे. शिकारीसाठी, दरबारासाठी, नजराण्यासाठी. लढणारी हत्यारं साधी होती. ती झिजली, मोडली, वितळली. नटवलेली उरली. आता उरलेल्या बघून आपण म्हणतो, वा, जुन्या काळी काय कलाकारी होती. जुन्या काळी बहुतेक बंदुका काळ्या, बोजड अन् धुरकट होत्या.


सीनेचा_वारा (परंडा)

नांदेडकर भाऊ, बंदुकांपुरतं मान्य. तोफांना हे लागू नाही. मुलुखमैदान लढली, नटलेली असूनही.


जामगी_तोडा (छ. संभाजीनगर)

नांदेडकरांशी बराचसा सहमत. मात्र शिकारीची बंदूक म्हणजे शोभेची असं समजू नका. अकबराची संग्राम नावाची बंदूक होती, त्याच्या खास बंदुकांमध्ये पहिल्या नंबराची. चितोडच्या वेढ्यात १५६८ मध्ये त्यानं जयमलला गोळी घातली ती तिनंच. बादशहाची खासगी, नाव दिलेली बंदूक, अन् तिनं एका किल्ल्याचा निकाल लावला. नाव देणं हीही नक्षीच की.


पूर्णाकाठ

नांदेडकर, तुमचं बोलणं ऐकून मामेसासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी घरात अजून बंदुका होत्या, साध्या. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, १९४८ ला, त्या जमा झाल्या त्या कायमच्या. ही एकटी राहिली, कारण आजीनं ती देवघरात नेऊन ठेवली अन् "ही देवाची आहे" म्हणून सांगितलं. साधी असती तर देवाची म्हणता आली नसती. म्हणजे तुमचा मुद्दा आमच्याच घरात खरा ठरला.


रोखठोक_नांदेडकर

आजी हुशार!

अन् देवाचं निघालंच आहे तर आमच्या गावचंही सांगतो. तख्त सचखंड हुजूर साहिबला आतल्या अंगीठा साहिबमध्ये गुरु गोविंदसिंगजींची शस्त्रं आहेत. सोन्याची कट्यार, तलवारी, जडावाची पोलादी ढाल, धनुष्यं, बाण, अन् एक जामगीची बंदूक. शस्त्रदर्शन असतं तेव्हा ग्रंथी एकेक शस्त्र उचलून नाव घेऊन दाखवतात. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान असतं, गोदावरीचं पाणी आणून शस्त्रं धुतात. लहानपणापासून बघत आलोय. तिथं कुणी नक्षी बघत नाही. संगत बघते ती वस्तू कुणाच्या हातात होती ते. मला वाटतं तुमच्या गढीतल्या बंदुकीचं पण आता तेच झालंय.


देगलूर_ते_लीड्स

इकडं इंग्लंडात शस्त्रांचं मोठं सरकारी संग्रहालय आमच्याच गावात आहे, सुट्टीत पोरांना घेऊन जातो. हिंदुस्थानी दालनात गेलं की जरा घरच्यासारखं वाटतं अन् जरा राग पण येतो.

"कुणासाठी" या प्रश्नावर टिपू सुलतानाचं उदाहरण घ्या. श्रीरंगपट्टणच्या कारखान्यात झालेल्या त्याच्या बंदुकांवर वाघ कुठं नाही ते विचारा. चापावर वाघाचं तोंड, दस्त्यावर वाघ, नळीवर वाघाच्या पट्ट्यांची सोनेरी नक्षी, शिवाय त्यानं स्वतः काढलेल्या मौलुदी सनाचं वर्ष. तोच पट्टा सैनिकांच्या कपड्यांवर, तोच सिंहासनावर. बंदूक फिरंगी चकमकीची, यंत्र त्यांच्याच तोडीचं, वर ठसा पूर्ण आपला. तिथं बघणारा सगळ्यात महत्त्वाचा कारागीर अन् शिपाई असावा. कुणाच्या राज्यात काम करतोस हे दिवसातून शंभरदा आठवण करून द्यायला.

दुसरी एक बारीक वस्तू. रंजकेची बारीक दारू ठेवायचं हस्तिदंती शिंगडं. मुघल धाटणीची अशी शिंगडी असतात, एका टोकाला काळविटाचं मुंडकं, अंगावर एकातून एक निघणारे प्राणी. वाघ, ससा, पक्षी, सगळे एकमेकांत गुंतलेले. हातात मावतं एवढंसं. ज्याची शिकार करायची त्याच्याच रूपातून दारू ओतायची. त्यात क्रौर्य आहे की माफी मागणं आहे, हे मला कधी ठरवता आलं नाही.


गंजगोलाई_गप्पा (लातूर)

माफी वगैरे काही नाही हो. काळवीट दिसायला देखणं असतं म्हणून काढलं. प्रत्येक गोष्टीत अर्थ शोधायची सवय लागलीय आपल्याला.


सायली_चित्रशाळा (लातूर)

देखणं असतं म्हणून काढलं, हे पुरेसं कारण आहेच. पण मग डुक्कर का नाही काढलं? शिकार तर त्याचीही व्हायची.


गंजगोलाई_गप्पा (लातूर)

ताई, 🙏


बीडचा_काळा_कोट

चर्चा रंगलीय, पण कायद्याचं कुणीतरी बोलायला हवं. शस्त्र कायदा १९५९, कलम ४५. जुन्या घाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. शेवटचे शब्द नीट वाचा. नुसतं "जुनं आहे" हे पुरत नाही. ठासणीची नळी मोकळी असेल, कान उघडा असेल, तर ती चालू शकते असं कुणीही म्हणेल. त्यामुळं सरांनी मामेसासऱ्यांना सांगावं की परवाना किंवा जुना कागद शोधून ठेवा, नसेल तर रीतसर अर्ज करून मार्गी लावा.

दुसरं, शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावशेष कायदा १९७२ च्या कक्षेत येते. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. कुणी "मुंबईचा पार्टी आहे, बाहेर चांगला भाव देतो" म्हणाला तर दारातून परत पाठवा.


पूर्णाकाठ

धन्यवाद वकीलसाहेब. कागदाचं सांगितलंय. ट्रंकेत एक उर्दू दाखला आहे म्हणतात, वाचणारा शोधतोय.

जामगी_तोडा सर, तुम्ही सांगितलं तसं नळी उन्हात धरली. लाटा आहेत! फार पुसट, पण आहेत. सोनं मात्र खालच्या बाजूला शाबूत अन् वरच्या बाजूला जवळपास गेलेलं. भिंगातून बघितलं, जाळी स्पष्ट दिसते. हे असं एका बाजूनंच कसं गेलं असेल?


जामगी_तोडा (छ. संभाजीनगर)

खंडेनवमीला कशानं पुसता?


पूर्णाकाठ

चिंच अन् राख. पूर्वी विटेचा भुगा.


जामगी_तोडा (छ. संभाजीनगर)

मग मुघलांनी काढलेली बाग तुमच्या घरच्यांनी दरसाल थोडीथोडी खुरपली. हसू नका, हे घरोघरी झालंय. कोफ्तगिरीतली तार केसाएवढी असते, विटेच्या भुग्यापुढं तिचं काय चालणार. यापुढं चिंच, लिंबू, राख, काथ्या, पितळ घासायची पावडर, काहीही नको. मऊ सुती फडकं अन् यंत्राला घालतात ते पातळ तेल, अगदी पुसटसं. हळद-कुंकू ओलं असतं, ते पोलादावर लावू नका, दस्त्याच्या लाकडावर लावा. हारसुद्धा रात्री काढून ठेवा. झेंडूचा ओलावा पोलादाला गंजवतो. अन् सगळ्यात आधी नळीत जुना बार नाही ना, याची जाणकाराकडून खात्री करून घ्या. भरलेल्या अवस्थेत भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेल्या बंदुका मी बघितल्या आहेत. मीठ-मसाल्यासारखी चाखून बघायची वस्तू नव्हे ती.


रोखठोक_नांदेडकर

पूजेनंच झिजली म्हणता. बरंय, शत्रूच्या हातून नाही गेली.


पूर्णाकाठ

नळीत बार नाही. तालुक्याच्या गावचे एक जुने बंदूक-दुरुस्तीवाले येऊन बघून गेले, गज टाकून तळ लागतो का ते तपासलं.

ते तपासताना त्यांनी मधल्या दोन वाद्या सोडल्या, वाळून कडक झाल्या होत्या म्हणून. अन् वादीखाली काय निघालं, तर फुलं. तीच रोपं, तीच खालची रेघ, सोनं लख्ख. जिथं नळी दस्त्यात बसते त्या कडेपर्यंत गेलेली. म्हणजे अशा जागी नक्षी केलीय जिथं ना धन्याचा डोळा जातो, ना शत्रूचा, ना संगतीचा. माझा धन्याला बाग अन् शत्रूला जबडा हा हिशेब इथं बसत नाही. ही फुलं मग कुणासाठी होती?


सायली_चित्रशाळा (लातूर)

कारागिरासाठी? देवळाच्या शिखरावर मागच्या बाजूलाही शिल्पं असतात, तिथं कोण जातंय बघायला.


जामगी_तोडा (छ. संभाजीनगर)

सायलीताईंचं उत्तर गोड आहे, पण मला एक रूक्ष उत्तर जास्त पटतं. नळी करणारा लोहार वेगळा, कोफ्तगर वेगळा अन् दस्ता बसवणारा सुतार वेगळा. कोफ्तगराकडं नुसती नळी येते. वादी कुठं येणार हे त्याला माहीत असेलच असं नाही, तो ठरलेलं काम पुरं करून पुढं देतो.

त्याहून मोठी शक्यता अशी की हा दस्ता त्या नळीचा मूळचा नाही. चांगली नळी पिढ्यान् पिढ्या टिकते, लाकूड टिकत नाही. वाळवी, ओल, दस्ता तडकणं, कारणं पुष्कळ. नळी एका घरातून दुसऱ्या घरात, एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जायची अन् तिथल्या पद्धतीचा नवा दस्ता चढायचा. तुमच्या गढीत नळी कदाचित मुघल छावणीतली असेल अन् दस्ता जिंतूरच्या सुताराचा. आधीच्या वाद्या निराळ्या जागी असतील, तर आज झाकलेली फुलं तेव्हा उघडी होती.

हे तपासता येतं. वाद्या सुटलेल्याच आहेत, तर नळी दस्त्यातून अलगद उचलून तिचा तळ बघा. जबरदस्ती करू नका, पुढच्या टोकाकडून सैल होते. दोन गोष्टी शोधा. एक, आत्ताच्या वाद्यांखेरीज दुसरीकडं कुठं वादीचा पुसट पट्टा, रंगातला फरक दिसतो का. दुसरं, तळाला बारीक ठिपक्यांनी टोचलेली अक्षरं किंवा आकडे आहेत का. शिलेखान्यात (शस्त्रागारात) नोंद करताना असे आकडे टोचायची पद्धत होती. देवनागरी असतील, फारसी असतील, जसे असतील तसे कागदावर उतरवून इथं लिहा.


पूर्णाकाठ

येत्या रविवारी जातोय. मामेसासरे तयार आहेत, त्यांची एकच अट आहे, खंडेनवमीच्या आत बंदूक होती तशी बांधून द्यायची. नवी वादी कुठल्या कातड्याची घ्यावी?


जामगी_तोडा (छ. संभाजीनगर)

शेळीचं, मीठ न लावलेलं. मीठ पोलाद खातं. जुनी वादी टाकू नका, पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेवा.